शेवटाकडून

येगोर तिमाशिन आम्हाला शेवटाकडून कळला.
रमजानशेटच्या रद्दीत सगळ्यात वरचा अंक
सगळ्यात नवा असायचा,
आणि रशियाचं ते गुळगुळीत मासिक
वह्यांच्या कव्हरांसाठी चार आण्याला एक.

म्हणून भूगोलाच्या वहीवर तो आधी म्हातारा झाला :
अंगात सूट, हातात फुलं, हसताना पुढचे दोन दात गायब.
खाली बारीक अक्षरात,
सतरा नंबर आता कुणालाच मिळणार नाही.
सुपडू सपकाळे म्हणाला,
मेला का काय भो हा तमाशा?

तिमाशिन हे नाव त्याच्या तोंडात बसलंच नाही कधी.

सुपडू भुसावळच्या बर्फाच्या कारखान्यात लाद्या काढायचा.
त्याआधी लोको शेडच्या हॉकी संघात लेफ्ट हाफ.
मी मेच्या सुट्टीत लाद्यांवर भुसा टाकायला.
बाहेर सत्तेचाळीस. आत खाऱ्या पाण्यात बुडालेले डबे,
अमोनिया असा की न रडता डोळे वाहायचे.
बर्फ म्हणजे लग्नातलं सरबत,
फलाटावरची कुल्फी,
नाहीतर सुरतहून मुलगा येईपर्यंत
थांबवून ठेवलेलं प्रेत.
त्याच्यावर कुणी उभं राहतं, पळतं,
हे सुपडूला पटेना.
मंग पाघळत नही का ते?
नाही, म्हणालो.
तिकडं पाघळतच नाही.
तो बराच वेळ गप्प राहिला.

गणितावर त्याचा गुडघा प्लास्टरमध्ये.
इतिहासावर डोक्याएवढा चषक, त्यात तोंड घालून पितोय.
विज्ञानावर तो फळ्यांच्या खोक्यात एकटाच बसलेला,
दोन मिनिटांची शिक्षा,
बाहेर खेळ चालूच.
हे चित्र सुपडूने मागून घेतलं.
म्हणाला, मी झाशीला गेलो होतो निवडीला.
गार्डाच्या डब्यातून. एक दिवस उशिरा.
परत कधी बोलला नाही त्याबद्दल,
मीही विचारलं नाही.

मग ती रात्र. लाइट गेलेली,
कंप्रेसर मुका,
मुनीम यावलला कुणाच्या हळदीला.
सुपडूने बारा लाद्या काढल्या,
धक्क्यावर एकीला एक लावल्या,
फटींत भुसा दाबला.
मैदान म्हणजे एका खाटेपेक्षा जरा मोठं.
मी बॅटरी धरली.
बूटपॉलिशची रिकामी डबी मधोमध ठेवून
तो अनवाणी चढला, हातात शेडची जुनी स्टिक,
मूठ चिंध्यांनी बांधलेली.
पहिल्यांदा पडला. दुसऱ्यांदा पडला.
तिसऱ्यांदा पडला तेव्हा शिवी दिली, ती बर्फाला नव्हती.
मग गुडघे वाकवले,
चित्रात वाकवतात तसे,
आणि मारली.

डबी गेली ती दिसली नाही.
टाकीच्या पत्र्यावर आवाज झाला, टण्ण.
रेल्वे कॉलनीतली सगळी कुत्री भुंकली.
सुपडू तिथेच उभा,
पायांखालचं मैदान धक्क्यावरून
थेंब थेंब गटारीत जात होतं
आणि तो पाय उचलायला तयार नव्हता.

सकाळी मुनीमने वहीत लिहिलं : बारा लाद्या, तूट.
पगारातून कापल्या.
सुपडूने अंगठ्याशेजारी सही केली,
सही येते हे मुनीमला तेव्हा कळलं.

जूनमध्ये गठ्ठ्याच्या तळाशी शेवटचा अंक,
कसर लागलेला.
गोठलेली नदी, तिचं नाव फाटलेलं.
सहा वर्षांचं पोरगं, पायात बापाचे असावेत असे बूट,
हातात झाडाची वाकडी फांदी.
आसपास कुणी नाही.
दात सगळे जागेवर.
हे मी कुठल्याच वहीला घातलं नाही.

सुपडूने ते कंप्रेसरच्या दारावर खळीने चिकटवलं.
ओलीने चारच दिवसांत कोपरे सुटले.
रोज पाळीवर येताना तो ते तळव्याने दाबायचा
आणि पोराला म्हणायचा,
चाल भो. कर सुरू.